वाचकांचे प्रश्न : तुरीतून उठलेला हिरवा ढेकूण

येळवस (मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण) होऊन गेली की मराठवाड्यात तूर वाळायला लागते. सोयाबीन काढल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात तुरीवर जाऊन बसलेला हिरवा ढेकूण मग तिथूनही उठतो आणि ओलिताखालच्या फळांकडे वळतो. स्ट्रॉबेरी, द्राक्ष, तुती अशा पिकांच्या पत्रांत या महिन्यात त्याचीच चौकशी आहे. बहुतेकांनी विचारलंय, ‘कोणतं औषध मारू?’ आमचा उलटा प्रश्न प्रत्येकाला एकच आहे : पानामागची अंडी पाहिली का?

प्रश्न (अंबाजोगाई, जि. बीड) : पाव एकर स्ट्रॉबेरी आहे. फळं वाकडी, टोकाशी आवळलेली निघतात. झाडावर अधूनमधून हिरवे ढेकूण दिसतात. दोष त्यांचाच आहे का?

उत्तर : फळ हातात घेऊन त्याच्या अंगावरच्या बिया पाहा, निदान तिथेच होतं. स्ट्रॉबेरीची प्रत्येक बी फळली की तिच्याभोवतीचा गर फुगतो. परागीभवन अर्धवट झालं असेल, तर आवळलेल्या भागातल्या बिया बारीक, चपट्या आणि लहानमोठ्या असतात. रस शोषणाऱ्या किडीनं कोवळ्या फळातली बी टोचली असेल, तर बिया आकारानं पुऱ्या असतात, फक्त त्यांच्याखालचा गर वाढलेला नसतो. त्यामुळे त्या एका जागी दाटीवाटीनं बसलेल्या दिसतात. फुलकिड्यांनी खरवडलेलं फळ वाकडं कमी होतं, पण बियांभोवती तांबूस आणि खरबरीत होतं. फळ अर्धं वाढल्यावर ढेकणानं टोचलं, तर आकार बिघडत नाही. तिथे फिकट, टणक डाग राहतो.

पन्नास वाकडी फळं तोडा आणि या खुणांवरून त्यांचे ढीग करा. अर्धवट परागीभवनाचा ढीग मोठा निघाला तर ढेकणाच्या मागे लागू नका. शेडनेटच्या बाजू सकाळी ९ ते दुपारी १ उघड्या ठेवा म्हणजे मधमाश्या आत येतील. फुलोऱ्यात फवारणी बंद ठेवा. ढेकणाचं औषध मारल्यानं मधमाश्या जाऊन वाकडी फळं आणखी वाढली, असं होऊ शकतं.

ढेकणाचाच ढीग मोठा असेल तर पाव एकराला हातानं वेचणी हा सर्वांत स्वस्त आणि पक्का उपाय. थंडीत सकाळी ७ ते ९ ढेकूण सुस्त असतात आणि ऊन घ्यायला पानांवर येतात. रुंद तोंडाच्या बादलीत १० लिटर पाणी घ्या, त्यात दोन चमचे कपड्याची पावडर कालवा. बादली खाली धरून पान हलवलं की ढेकूण स्वतःहून अंग टाकतो, हा त्याचा स्वभावच आहे. साबणामुळे तो पाण्यावर तरंगत नाही, बुडतो. दर तिसऱ्या दिवशी याप्रमाणे दोन आठवडे करा. एकदाच करून थांबलं तर अंड्यांतून निघालेली पिलं पुन्हा तितकीच होतात. बुडखाजवळची वाळलेली पानं काढून टाका. मल्चिंगच्या कडेला आणि त्या पाल्यात ढेकूण दडून राहतात.

फवारणी करायचीच असेल तर ५ टक्के निंबोळी अर्काची करा, तीही लहान पिलांवर. पूर्ण वाढलेला ढेकूण त्यानं मरत नाही. ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबण चुरा मिसळा आणि १०० लिटर करा. अर्क फसतो तो तीन कारणांनी : बुरशी लागलेली निंबोळी, भर उन्हात फवारणी आणि बोअरचं क्षारी पाणी. आपल्याकडे पाण्याचा सामू (पीएच) सहज ८ च्या वर असतो. लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल टाकून तो ६ च्या आसपास आणा, संध्याकाळी फवारा आणि त्याच दिवशी संपवा.

प्रश्न (औसा, जि. लातूर) : बांधावरच्या चवळीच्या पानामागे अंड्यांचे पुंजके सापडले. काही पिवळसर आहेत, काही काळे पडलेत. काळी अंडी सडलेली असावीत म्हणून सगळी चिरडतो आहे. बरोबर आहे ना?

उत्तर : काळी चिरडू नका. तेवढं आजपासून थांबवा.

हिरव्या ढेकणाची मादी पानामागे एका पुंजक्यात साधारण ६० ते ८० अंडी घालते. ती पिंपाच्या आकाराची, वर गोल झाकण असलेली, षटकोनी मांडणीत एकमेकांना चिकटवलेली असतात. ताजी अंडी फिकट पिवळी दिसतात. उबण्याआधी ती नारिंगी-गुलाबी होतात आणि झाकणावर लालसर खूण उमटते. ही वाढ निरोगी अंड्याची. जे अंडं आधी राखाडी आणि मग एकसारखं काळं होतं, त्यात ढेकूण नसतो. त्यात एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी वाढत असते. ट्रिसोल्कस आणि टेलेनोमस या तिच्या प्रजाती. लांबी जेमतेम एक-दीड मिलिमीटर, रंग काळा, माणसाला डंख नाही.

तिची काम करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ढेकणाची मादी पानावरून चालत गेली की तिच्या पावलांचा जो वास मागे राहतो, त्यावरून ही माशी माग काढते. पुंजका सापडला की एकेका अंड्यात आपलं एकेक अंडं घालते आणि झालेल्या अंड्यावर शेपटाच्या टोकानं खूण करते, म्हणजे तेच अंडं दुसऱ्यांदा वापरलं जात नाही. नर आधी बाहेर पडतात आणि पुंजक्यावरच माद्यांची वाट पाहतात. ऑस्ट्रेलियानं १९३३ साली इजिप्तमधून ट्रिसोल्कस बॅसालिस ही माशी आणून सोडली, ती याच हिरव्या ढेकणासाठी. आपल्या शिवारात या कुळातल्या माश्या आधीपासून आहेत, फक्त त्यांना जगू द्यायचं आहे.

रिकामी टरफलंही वाचता येतात. झाकण गोल, स्वच्छ उघडलेलं आणि टरफल पांढरं असेल तर ढेकणाचं पिलू बाहेर पडलं. वर ओबडधोबड कुरतडलेलं भोक असेल आणि टरफल काळपट असेल तर माशी निघाली. टरफल फाटून अर्धं खाल्लेलं असेल तर मुंगी, नाकतोडा किंवा भुंगेरा येऊन गेला. वीस पुंजके तपासा. निम्म्याहून जास्त काळे किंवा कुरतडलेले असतील तर त्या शेतात फवारणी करू नका, असं आम्ही ठामपणे सांगतो. माशी अंड्याच्या आत असताना विषापासून थोडी वाचते, पण कवच कुरतडून बाहेर येताना आणि फवारलेल्या पानावर चालताना मरते. ढेकूण मात्र शेजारच्या रानातून उडत परत येतो. पुढची पिढी मग तुमच्याकडे मोकळी वाढते.

पिवळ्या पुंजक्यांचं काय करायचं? पानासकट तोडा, पण चिरडू नका. पिवळ्या अंड्यांतही माशीनं अंडी घातलेली असू शकतात, रंग बदलायला काही दिवस लागतात. काचेच्या रुंद बरणीच्या तळाशी कागदाची घडी ठेवा, वर पानं ठेवा, तोंडाला मलमल बांधा आणि बरणी सावलीत ठेवा. ओला कापूस घालू नका. बाष्प धरून बुरशी येते आणि अंडी खरोखरच सडतात. उबदार दिवसांत पाच-सहा दिवसांत, कडाक्याच्या थंडीत त्याहून उशिरा ढेकणाची पिलं निघतात. पहिल्या अवस्थेतली पिलं काही खात नाहीत, रिकाम्या अंड्यांवरच घोळका करून बसतात. त्यामुळे ती मऊ ब्रशनं साबणाच्या पाण्यात झटकणं सोपं जातं. हे त्याच दोन-तीन दिवसांत करा. कात टाकली की ती पांगतात. उरलेला पुंजका तसाच ठेवा. अंडी घातल्यापासून साधारण दहा ते चौदा दिवसांत माश्या निघतात, थंडीत जास्त वेळ लागतो. मलमलीला काळे ठिपके हलताना दिसले की संध्याकाळी बरणी बागेत नेऊन मलमल सोडा.

या माश्यांना फुलांतला मकरंद लागतो आणि सोयाबीनच्या मोठमोठ्या पट्ट्यांत तो मिळत नाही. बागेच्या कडेला कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची एक ओळ फुलावर येऊ द्या. त्यांची फुलं लहान आणि उघडी असतात, म्हणून इतक्या छोट्या तोंडालाही त्यातला रस पोचतो.

प्रश्न (सेलू, जि. परभणी) : ढेकणाच्या अंड्यांसाठी ट्रायकोकार्ड लावलं तर चालेल का?

उत्तर : नाही. ट्रायकोकार्डवरची ट्रायकोग्रामा माशी प्रामुख्यानं पतंगांच्या अंड्यांवर जाते. हिरव्या अळीसाठी, उसाच्या खोडकिडीसाठी कार्ड लावा. ढेकणाच्या टणक कवचाच्या अंड्यांवर त्याचा भरवसा धरू नका.

प्रश्न (पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर) : ढेकणासाठी मित्रकीटक मागितले, तर दुकानातून क्रिप्टोलीमस भुंगेरे मिळाले. सोडून तीन आठवडे झाले, हिरवे ढेकूण तेवढेच आहेत.

उत्तर : भुंगेऱ्यांचा दोष नाही, घोटाळा नावाचा आहे. मराठीत आपण तीन वेगळ्या किडींना ढेकूण म्हणतो : खाटेतला, पिठ्या आणि हा वास मारणारा. क्रिप्टोलीमस पिठ्या ढेकणाला खातो. हिरवा ढेकूण त्याच्या आहारातच नाही. पुढच्या वेळी ‘हिरवा ढेकूण, सोयाबीन-तुरीवरचा’ असं सांगून मागा. आणि त्याच्या अंड्यांवरच्या माश्या ट्रायकोकार्डासारख्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून वरच्या उत्तरातली बरणी महत्त्वाची. सोडलेले भुंगेरे वाया गेले असं समजू नका. द्राक्षात किंवा सीताफळात पिठ्या असेल तर ते तिकडे जातील. त्यांची अळी स्वतःच पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी असते. तिला पिठ्या समजून मारू नका.

प्रश्न (नळदुर्ग, जि. धाराशिव) : शेजारची तूर काढली आणि दोन दिवसांत द्राक्षाच्या घडांवर हिरवे ढेकूण आले. मण्यात पाणी उतरलं आहे. सगळ्या बागेत फवारावं का?

उत्तर : सगळ्या बागेत नको. द्राक्षात ढेकूण ही मुख्य कीड नाही. तुमचा खरा जीव फुलकिडे, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण यांनी खाल्लेला असतो. पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, तीव्र औषध मारलं तर अंश मण्यात राहण्याचा धोका मोठा. शिवाय सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी मित्रकीटक मेले की कोळी आणि पिठ्या उसळतात, आणि काढणीच्या तोंडावर ते आवरत नाहीत.

ढेकणानं टोचलेल्या मण्यावर तपकिरी ठिपका पडतो, कधी तिथून कूज सुरू होते. दुसरा त्रास काढणीत होतो. घडात दडलेला ढेकूण चिरडला की वास पेटीभर पसरतो. त्यामुळे काढणी सकाळी असेल तर प्रत्येक घड कापण्याआधी देठ धरून हलकेच हलवा, ढेकूण खाली पडतो.

ढेकूण कडेनं आत शिरतो. तुरीच्या बाजूच्या चार-पाच ओळींतच तो जास्त असतो, म्हणून पहिली पाहणी आणि वेचणी तिथे करा. तूर अजून उभी असलेल्यांनी एवढं करावं : काढणी बागेला लागून असलेल्या बाजूनं सुरू करून बागेपासून दूर जावं. विळा मागून येतो तसा ढेकूण उभ्या पिकात पुढे सरकतो. उलट्या दिशेनं कापलं तर आपणच त्याला बागेत हाकलतो. शेवटी, बागेपासून लांब, ज्या तासांना अजून हिरव्या शेंगा आहेत अशी चार तासं दोन-तीन दिवस राखून ठेवा आणि तिथले ढेकूण सकाळी बादलीत झाडून घ्या.

पुढच्या वर्षासाठी सापळा पीक म्हणून चवळी घ्या. तुरीच्या बाजूच्या बांधाला ठिबकवर दोन ओळी, एक नोव्हेंबरच्या मध्याला आणि दुसरी पंधरा दिवसांनी. दोन वेळा यासाठी, की ढेकणाला कोवळी शेंग लागते आणि एकाच पेऱ्याची शेंग लवकर निबर होते. सापळा पीक फसतं ते इथेच : लावलं, ढेकूण आले, आणि मग कोणी तिकडे फिरकलं नाही. चवळी वाळली की तिथे वाढलेली नवी पिढी सरळ द्राक्षात उतरते. म्हणून आठवड्यातून दोनदा वेचणी करा, आणि शेंगा वाळण्याआधी काळे पुंजके असलेली पानं बरणीत काढून घेऊन चवळी उपटा. फवारण्याची वेळ आलीच तर फक्त चवळीवर, संध्याकाळी, आणि लेबलवर त्या पिकाचं नाव असलेलंच औषध. बांधावरचा तरोटा आणि रानमूगही शेंगवर्गीयच आहेत, ते फुलण्याआधी कापा.

प्रश्न (गंगाखेड, जि. परभणी) : एरंडावर एक तपकिरी ढेकूण अळीला सोंड खुपसून बसलेला दिसला. ढेकूण अळी खातो का?

उत्तर : हा खातो. त्याचं शास्त्रीय नाव इओकँथेकोना फर्सेलाटा. उंटअळी, तंबाखूवरची पानं खाणारी अळी, घाटे अळी हे त्याचं अन्न. ओळख सोंडेवरून होते. रस पिणाऱ्या ढेकणाची सोंड सुईसारखी बारीक, डोक्याखाली चिकटलेली असते. शिकारी ढेकणाची सोंड जाड असते आणि ती पुढे सरळ करता येते. खांद्यांना टोकदार काटे असतात. पिलं लाल-काळी असतात. त्याचीही अंडी गडद असतात, म्हणून काळ्या पुंजक्याशी गफलत होते. भिंगातून पाहा : त्याच्या अंड्याच्या झाकणाभोवती केसांसारख्या काट्यांचं कडं असतं. दोन्ही आपल्या कामाचेच, दोन्ही राखा.

तुरीच्या शेंगांवरचा तपकिरी, लांबट ढेकूण मात्र वेगळ्या कुळातला आहे आणि तो शेंगांचंच नुकसान करतो. त्याच्या अंड्यांवर ग्रायॉन नावाची माशी काम करते.

प्रश्न (घनसावंगी, जि. जालना) : तुतीला लागून स्ट्रॉबेरीचे वाफे आहेत. त्यावर ढेकूण आहेत. रासायनिक औषध रेशीमकिड्यांना घातक आहे हे माहीत आहे, म्हणून बिव्हेरिया फवारायचं ठरवलं आहे. जैविक आहे, तर चालेल ना?

उत्तर : बिव्हेरिया तुतीजवळ कधीच नको. या बुरशीच्या पूर्ण नावातलं ‘बॅसियाना’ हे पद ज्यांच्यावरून आलं, त्या इटलीच्या अगोस्तिनो बासी यांनी १८३५ साली दाखवून दिलं की रेशीमकिडे पांढरे, कडक होऊन मरतात ते याच बुरशीमुळे. पावसाळ्यात किंवा थंडीत ओलावा असेल तर पानावरून गेलेले बीजाणू अख्खी बॅच संपवतात. मेटारायझियमही रेशीमकिड्यांना लागते, तेव्हा तीही नको. शिवाय पूर्ण वाढलेल्या ढेकणावर या बुरशा कमीच चालतात. त्याच्या वासाच्या द्रवातले घटक बीजाणूंना रुजू देत नाहीत. म्हणजे ढेकूण राहील आणि किडे जातील.

निंबोळीही तुतीवर उडू देऊ नका. ॲझाडिरॅक्टीन किड्यांची कात बिघडवतं. तुमच्यासाठी बादलीची वेचणी आणि बरणी हे दोनच मार्ग. शेजारी कोणी काही फवारलं असेल आणि वारा तुमच्याकडे असेल, तर त्या बाजूच्या ओळींची पानं लगेच तोडू नका. त्यातली थोडी पानं वीस-पंचवीस किड्यांना वेगळ्या ट्रेमध्ये घाला आणि चोवीस तास थांबा. किडे ओकारी करत असतील, डोकं हलवत असतील, खात नसतील तर त्या ओळी या बॅचला वापरू नका.

ढेकणाच्या पाठीवर पांढरं, अंडाकृती अंडं चिकटलेलं दिसलं तर ते रेशीमकिड्यांवर अंडी घालणाऱ्या उझी माशीचं समजून घाबरू नका. ढेकणांवर अंडी घालणाऱ्या टॅकिनिड माश्या वेगळ्या, त्या रेशीमकिड्यांकडे जात नाहीत. असा ढेकूण काही दिवसांत आतून पोखरून मरतो, त्याला बादलीत टाकू नका. मागच्या उत्तरातला शिकारी ढेकूण मात्र किडीघरात शिरू देऊ नका. विदर्भात झाडांवर उघड्यावर वाढणाऱ्या टसर रेशमाच्या किड्यांना तो खातो. जाळी नीट असेल तर तुमच्याकडे त्याची भीती नाही.

प्रश्न (कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर) : अमेरिकेतल्या ‘समुराई’ माशीचा व्हिडिओ पाहिला. ती मागवता येईल का?

उत्तर : ती ट्रिसोल्कस जपोनिकस, आणि ती तपकिरी, संगमरवरी नक्षीच्या पूर्व आशियातल्या ढेकणासाठी आहे. तो ढेकूण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पोचला आणि २००१ साली ओळखला गेला. तिथले शास्त्रज्ञ ही माशी बंदिस्त प्रयोगशाळेत तपासत असतानाच २०१४ साली ती मेरीलँडमध्ये मोकळ्यावर सापडली, म्हणजे स्वतःच येऊन पोचली होती. आपला त्रास हिरव्या ढेकणाचा आहे. बाभळी-कडुलिंबाच्या खोडावर दिसणारा खरबरीत, करड्या रंगाचा ढेकूण पाहून काही जण तोच परदेशी समजतात, तो आपल्याकडचा जुनाच आहे. परदेशी मित्रकीटक परवान्याशिवाय आणणं २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बेकायदा आहे, आणि तुमच्या चवळीवर काळे पुंजके असतील तर त्याची गरजही नाही.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर) : वेचणीनंतर हाताचा वास साबणानं जात नाही.

उत्तर : तो द्रव तेलकट असतो. आधी गोडंतेल चोळा, मग साबण लावा. डोळ्यात गेला तर चोळू नका, साध्या पाण्यानं भरपूर धुवा. हातमोज्यांपेक्षा बादलीत झटकून घेणं बरं, म्हणजे हात लावायची वेळच येत नाही.